पूर्वलेखाचा पुरावा : जैवतंत्रज्ञानाची पेटंटे आणि सल्लागार वैज्ञानिकाची भूमिका

१. प्रास्ताविक

पेटंटाचा दस्तऐवज हा साहित्याच्या अभ्यासकाला आपल्या क्षेत्राबाहेरचा लेखनप्रकार वाटणे स्वाभाविक आहे. त्याची भाषा रुक्ष, रचना साचेबंद आणि हेतू उघडपणे व्यापारी असतो. तथापि, पेटंटाच्या वैधतेचा निर्णय ज्या प्रश्नावर होतो, तो प्रश्न साहित्येतिहासाच्या अभ्यासकाला चांगलाच परिचित आहे : आज जे ‘नवे’ म्हणून पुढे आले आहे, ते यापूर्वी कोणी, कोठे आणि कोणत्या भाषेत सांगितले होते काय? पेटंट-कायद्याच्या परिभाषेत या आधीच्या साऱ्या ज्ञानाला ‘प्रायर आर्ट’ म्हणतात. प्रस्तुत निबंधात त्यासाठी ‘पूर्वज्ञान’ आणि त्यातील लिखित भागासाठी ‘पूर्वलेख’ या संज्ञा योजल्या आहेत. पूर्वज्ञान आणि पूर्वलेख एकच नव्हेत. जे ज्ञान होते पण लिहिले गेले नाही, त्याचे काय, हा या विषयातील सर्वांत बिकट प्रश्न आहे आणि तो मौखिक परंपरेच्या अभ्यासकांना नवीन नाही.

१९८० नंतर जैवतंत्रज्ञानाच्या क्षेत्रात हा प्रश्न वारंवार न्यायालयांसमोर आणि शासनांसमोर आला. न्यायाधीशांना आनुवंशिकीशास्त्र अवगत नव्हते आणि वैज्ञानिकांना कायद्याची भाषा अवगत नव्हती. या दोहोंमधील अंतर भरून काढणारा ‘सल्लागार वैज्ञानिक’ हा त्यामुळे एक नवा व्यवसाय आणि एक नवी नैतिक भूमिकाही ठरला. या भूमिकेचा भारतातील इतिहास पाहू गेल्यास रघुनाथ अनंत माशेलकर यांचे नाव टाळता येत नाही. ते जीववैद्यकाचे संशोधक नव्हेत, रसायन-अभियंते होत. परंतु हळदीच्या औषधी उपयोगापासून सूक्ष्मजीवांच्या पेटंटयोग्यतेपर्यंत जैवतंत्रज्ञानविषयक पेटंटांचे जे प्रमुख वाद भारतात झाले, त्यांपैकी अनेकांत सल्लागार म्हणून त्यांचा थेट संबंध आला. या सल्लागारीत लेखाचे, भाषांतराचे आणि श्रेयनिर्देशाचे स्थान काय होते, याचा शोध घेणे हा येथील उद्देश आहे.

२. सजीव वस्तू आणि मानवी कृती

या इतिहासाचा आरंभ भारताबाहेर, पण एका भारतीय संशोधकापासून होतो. पश्चिम बंगालमधील सैंथिया येथे १९३८ मध्ये जन्मलेले आनंद मोहन चक्रवर्ती यांनी कलकत्ता विद्यापीठातून १९६५ मध्ये पीएच.डी. मिळवली आणि पुढे ते अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधनकेंद्रात काम करू लागले. स्यूडोमोनास वर्गातील एका जिवाणूत त्यांनी वेगवेगळे प्लाझ्मिड एकत्र आणले. कच्च्या तेलातील निरनिराळे घटक पचवण्याची क्षमता त्यामुळे एकाच जिवाणूत आली. १९७२ मध्ये त्यासाठी पेटंटचा अर्ज करण्यात आला. जिवाणू तयार करण्याच्या प्रक्रियेवर पेटंट देण्यास परीक्षकाची हरकत नव्हती. हरकत होती ती जिवाणूवरच हक्क सांगण्यास, कारण सजीव वस्तू ही निसर्गाची निर्मिती आहे, असे तो मानत होता.

प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी न्यायालयाने निर्णय दिला की, वस्तू सजीव आहे की निर्जीव, हा भेद कायद्याच्या दृष्टीने निर्णायक नाही. ती निसर्गात जशी आहे तशी उचललेली आहे की मानवी कृतीने घडलेली आहे, एवढेच पाहावयाचे. साहित्यविचाराच्या परिभाषेत बोलायचे, तर न्यायालयाने कर्तृत्वाची कसोटी जीवसृष्टीला लावली. त्या एका निकालाने पुढील तीन दशकांच्या जैवतंत्रज्ञान-उद्योगाचा पाया घातला गेला. २०१३ मध्ये मिरियाड कंपनीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने, केवळ शरीरातून वेगळा काढलेला नैसर्गिक डीएनए पेटंटयोग्य ठरत नाही, असे म्हणून त्या कसोटीची दुसरी बाजू अधोरेखित केली.

चक्रवर्ती १९७९ मध्ये शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी ॲझुरिन नावाच्या जिवाणूजन्य प्रथिनाच्या कर्करोगविरोधी गुणांवर संशोधन केले. जोडीला त्यांची दुसरी कारकीर्द चालू राहिली, ती स्पष्टीकरणकाराची. न्यायाधीशांना आनुवंशिकीशास्त्राची ओळख करून देणाऱ्या ‘आइन्स्टाइन इन्स्टिट्यूट फॉर सायन्स, हेल्थ अँड द कोर्ट्स’ या संस्थेच्या संस्थापक-सदस्यांत ते होते. संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेच्या ज्या समितीने जनुकीय अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय केंद्राची कल्पना मांडली, तिचेही ते सदस्य होते. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. ज्याच्या नावाने खटला ओळखला जातो, त्यानेच पुढे खटले चालवणाऱ्यांना विज्ञान शिकवावे, हा या कारकिर्दीचा क्रम लक्षणीय आहे. ज्ञान निर्माण करणे आणि ते दुसऱ्या ज्ञानशाखेच्या भाषेत सांगणे ही दोन कामे यापुढे एकाच व्यक्तीकडे येऊ लागली.

३. माशेल, गिरगाव, पुणे

माशेलकरांचा जन्म १ जानेवारी १९४३ रोजी गोव्यातील माशेल या गावी झाला. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपल्यावर आईने मोठ्या कष्टाने त्यांना मुंबईत वाढवले. महापालिकेच्या शाळेतून आणि पुढे गिरगावातील युनियन हायस्कूलमधून त्यांचे शिक्षण झाले. मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागातून (यूडीसीटी) त्यांनी १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि प्रा. मनमोहन शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली १९६९ मध्ये पीएच.डी. पूर्ण केली. इंग्लंडमधील सॅल्फर्ड विद्यापीठातील काही वर्षांनंतर १९७६ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रुजू झाले. १९८९ मध्ये ते तिचे संचालक झाले आणि १९९५ ते २००६ या काळात दिल्लीत वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे (सीएसआयआर) महासंचालक होते.

पुण्याच्या प्रयोगशाळेतील त्यांच्या कारकिर्दीत एक महत्त्वाचे वळण आले. १९७० चा भारतीय पेटंट कायदा औषधे व अन्नपदार्थ यांच्या बाबतीत केवळ प्रक्रियेवर पेटंट देत असे, उत्पादनावर नव्हे. त्यामुळे भारतीय प्रयोगशाळांचे कौशल्य बहुतांशी परकीय उत्पादनाची पर्यायी प्रक्रिया शोधण्यात खर्च होत असे. माशेलकरांनी प्रयोगशाळेची दिशा परदेशात पेटंट घेण्याकडे वळवली. पॉलिकार्बोनेटविषयक संशोधनाचा परवाना जनरल इलेक्ट्रिक कंपनीने घेतला, ही त्या धोरणाची सर्वांत गाजलेली फलश्रुती. चक्रवर्तींचा जिवाणू ज्या कंपनीच्या प्रयोगशाळेत घडला, तीच कंपनी आता पुण्याच्या दारी ग्राहक म्हणून आली होती. संशोधकांनी शोधनिबंध छापण्यापूर्वी पेटंटचा विचार करावा, हा माशेलकरांचा आग्रह त्या काळी अनेकांना व्यापारी वाटला आणि अनेकांना मुक्तिदायी. त्यात एक गृहीतक होते : जे योग्य वेळी व योग्य रीतीने लिहून नोंदवले जात नाही, ते आपले राहत नाही. हळदीच्या प्रकरणात हेच गृहीतक उलट्या दिशेने तपासले जाणार होते.

४. हळद : आजीचे ज्ञान आणि छापील पान

मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील सुमन दास आणि हरिहर कोहली या दोन भारतीय वंशाच्या संशोधकांना मार्च १९९५ मध्ये जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापराचे अमेरिकी पेटंट मिळाले. त्यात सहा दावे होते. भारतात ही बातमी पोहोचल्यावर जी प्रतिक्रिया उमटली, ती संतापाइतकीच आश्चर्याची होती. खरचटलेल्या जागी हळद दाबणे ही गोष्ट महाराष्ट्रातील कोणत्याही घरात शिकवावी लागत नाही. ती पाहूनच येते. विवाहात अंगाला लागणारी हळद, दुधात घातलेली हळद आणि जखमेवरची हळद या एकाच व्यवहाराच्या शाखा आहेत. सांगलीची बाजारपेठ आणि हरिपूरची जमिनीखालील हळदीची पेवे यांच्यामुळे तर हळद हा मराठी प्रदेशाच्या अर्थकारणाचाही भाग आहे.

परंतु त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार या सर्व व्यवहाराचे मूल्य जवळजवळ शून्य होते. अमेरिकेत एखादी गोष्ट माहीत असेल वा वापरात असेल, तर ती नवतेच्या आड येत असे. अमेरिकेबाहेर मात्र ती पेटंट झालेली असली पाहिजे किंवा छापील प्रकाशनात वर्णिलेली असली पाहिजे. कोट्यवधी घरांतील नित्याचा वापर पुरावा ठरत नव्हता आणि एक छापील पान ठरत होते. मौखिक आणि लिखित यांच्यातील उच्चनीचता कायद्याने इतक्या स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच मांडली असेल. २०११ च्या दुरुस्ती-कायद्याने हा देशपरत्वे भेद काढला आणि तो २०१३ पासून अमलात आला. १९९६ मध्ये मात्र जुन्या नियमातच लढावे लागणार होते.

माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ऑक्टोबर १९९६ मध्ये पुनर्परीक्षणाचा अर्ज केला. अर्जासोबत बत्तीस संदर्भ जोडले होते. त्यांत संस्कृत, उर्दू आणि हिंदी भाषांतील लेखन होते, त्यातील काही शंभर वर्षांहून जुने होते, आणि १९५३ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेला एक शोधनिबंधही होता. १९९७ मध्ये परीक्षकाने सर्व दावे अमान्य केले आणि एप्रिल १९९८ मध्ये पुनर्परीक्षणाचे प्रमाणपत्र निघून प्रकरण संपले. विकसनशील देशाने पारंपरिक ज्ञानाच्या आधारे अमेरिकी पेटंट रद्द करवून घेतल्याचे हे पहिले गाजलेले उदाहरण होय.

या विजयाचे वर्णन बहुधा राष्ट्रीय अभिमानाच्या भाषेत केले जाते. तुलनात्मक अभ्यासाच्या दृष्टीने त्यातील दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. ही लढाई प्रयोगशाळेत झाली नाही, ती ग्रंथालयात झाली. पाठ शोधणे, त्याचा काळ ठरवणे, त्याचे इंग्रजी भाषांतर करणे आणि त्यातील विधान पेटंटच्या दाव्याशी शब्दशः ताडून पाहणे, ही सर्व कामे मूलतः पाठचिकित्सेची आहेत. संस्कृतातील ‘व्रण’ म्हणजे दाव्यातील ‘जखम’ की फोड, लेप म्हणजे दाव्यातील चूर्ण की अन्य कल्प, असे प्रश्न अशा कामात अटळ असतात. अमेरिकेतील परीक्षक संस्कृत वाचणार नव्हता. त्याच्यापुढे जे गेले, ते भाषांतर होते. भाषांतर हेच पुरावा झाले.

आणखी एक बाब नोंदवली पाहिजे. हळदीचे पेटंट पडले, याचा अर्थ आजीचे ज्ञान मान्य झाले, असा नव्हे. आजीचे ज्ञान कोणीतरी पूर्वी लिहून ठेवले होते, म्हणून ते मान्य झाले. जे लिहिले गेले नव्हते, त्याला या निकालाने कोणतेही संरक्षण दिले नाही.

५. कडुनिंब : साक्षीचे स्थान

याच काळातील कडुनिंबाचे प्रकरण हा भेद अधिक स्पष्ट करते. कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक उपयोगासाठी अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना १९९४ मध्ये युरोपीय पेटंट मिळाले होते. वंदना शिवा यांची संस्था, सेंद्रिय शेतीच्या चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ आणि युरोपीय संसदेतील हरित गटाच्या माग्दा आल्वूत यांनी त्याला विरोध केला. युरोपीय पेटंट-करारात पूर्वज्ञानाची व्याख्या व्यापक आहे : लिखित वर्णन, मौखिक वर्णन, प्रत्यक्ष वापर किंवा अन्य कोणत्याही मार्गाने लोकांना उपलब्ध झालेली प्रत्येक गोष्ट, आणि तीही जगात कोठेही. त्यामुळे म्यूनिच येथील सुनावणीत जे अमेरिकेत चालले नसते, ते चालू शकले. पुण्यातील एका उद्योजकाने तेथे साक्ष दिली की, १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या शेतावर असा अर्क वापरून पाहिला गेला होता. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले आणि मार्च २००५ मध्ये त्यावरील अपीलही फेटाळले गेले.

हळदीसाठी ग्रंथ लागले आणि कडुनिंबासाठी शेतावरचा माणूस पुरला. वस्तू एकाच परंपरेतल्या, प्रदेशही बहुतांशी एकच. फरक होता तो ऐकणाऱ्याच्या कायद्यात. कोणते कथन ‘ग्राह्य’ आहे, हे कथनाच्या सत्यतेवर नव्हे, तर त्याच्या माध्यमावर ठरत होते. भारताने २००२ च्या दुरुस्तीने आपल्या पेटंट कायद्यात स्थानिक वा आदिवासी समाजात उपलब्ध असलेले, ‘मौखिक वा अन्य’ स्वरूपाचे ज्ञान हा विरोधाचा एक स्वतंत्र आधार म्हणून घातला, तसेच पारंपरिक ज्ञान हे पेटंटयोग्य नाही, असेही स्पष्ट केले. या तरतुदींमागे हळद आणि कडुनिंब या दोन्ही प्रकरणांचा धडा दिसतो.

६. अंकीय ग्रंथालय आणि भाषांची यादी

प्रत्येक पेटंटाविरुद्ध स्वतंत्र लढा देणे खर्चिक होते. त्याऐवजी परीक्षकाच्या टेबलावर पूर्वलेख आधीच ठेवावा, या विचारातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचा (टीकेडीएल) प्रकल्प सुरू झाला. सीएसआयआर आणि भारतीय चिकित्सापद्धतींचा विभाग, म्हणजे पुढचा आयुष विभाग, यांचा तो संयुक्त उपक्रम होता. संस्कृत, हिंदी, अरबी, फारसी, उर्दू, तमिळ अशा भाषांतील आयुर्वेद, युनानी व सिद्ध ग्रंथांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी या पाच भाषांत उपलब्ध करून देण्यात आले. आंतरराष्ट्रीय पेटंट-वर्गीकरणाच्या धर्तीवर या ज्ञानासाठी एक स्वतंत्र वर्गीकरण रचले गेले. २००९ मध्ये युरोपीय आणि अमेरिकी पेटंट कार्यालयांशी त्याच्या वापराचे करार झाले. २०२२ मध्ये पेटंट कार्यालयांखेरीज इतरांनाही ते खुले करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली.

अशा प्रकारच्या भाषांतराला या किनाऱ्यावर मोठी परंपरा आहे. गार्सिया द ओर्ता यांचा औषधी वनस्पतींवरील पोर्तुगीज संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला आणि चारच वर्षांत क्लुसियसच्या लॅटिन संक्षेपाने तो युरोपभर गेला. डच अधिकारी व्हान रीडे यांच्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या बारा खंडांच्या ग्रंथात (१६७८–१६९३) इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबरच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोंकणी वैद्यांचे साहाय्य होते. त्यांचे कोंकणी भाषेतील प्रमाणपत्र नागरी लिपीत पहिल्या खंडात छापले आहे. म्हणजे माहिती देणाऱ्याची भाषा, लिपी आणि नाव यांना ग्रंथात जागा होती. टीकेडीएलमध्ये योगाला ग्रंथाचा आधार असतो. तो योग ज्यांनी वापरून टिकवला, त्यांना मात्र जागा नसते. संरक्षणाच्या हेतूने रचलेल्या कोशाकडून कदाचित त्याची अपेक्षाही नसावी.

भाषांची यादीही विचारात घेण्यासारखी आहे. प्रकल्पाच्या मूळ भाषायादीत मराठी नाही. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’सारखे, घराघरांत वापरले गेलेले मराठी वैद्यकग्रंथ मुख्यतः संस्कृत परंपरेतूनच आलेले असल्याने त्यांचा आशय मूळ ग्रंथांतून सामावला जातो, असे म्हणता येईल. गोंडी, हलबी वा छत्तीसगढी भाषांतील ज्ञानाविषयी तेही म्हणता येत नाही. तेथे मूळ ग्रंथच नाही. तेथे ज्ञान भाषेतच आहे, आणि भाषा बोलणाऱ्यांत आहे.

७. सूक्ष्मजीवांचा प्रश्न आणि एका अहवालाची कथा

जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारानुसार सदस्य देश वनस्पती व प्राणी यांना पेटंटमधून वगळू शकतात, सूक्ष्मजीवांना नाही. चक्रवर्ती-निकालाची ही आंतरराष्ट्रीय आवृत्तीच होय. भारतात कलकत्ता उच्च न्यायालयाने २००२ मध्ये डिमिनॅको प्रकरणात, अंतिम उत्पादनात सजीव विषाणू आहे म्हणून लसनिर्मितीची प्रक्रिया पेटंटला अपात्र ठरत नाही, असा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने वनस्पती व प्राणी वगळताना सूक्ष्मजीवांचा अपवाद केला. डिसेंबर २००१ मध्ये भारत सूक्ष्मजीवांच्या ठेवींविषयीच्या बुडापेस्ट करारात सामील झाला होता. चंडीगड येथील संग्रहाला २००२ मध्ये आणि पुण्यातील संग्रहाला २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय ठेव-संस्थेचा दर्जा मिळाला. शब्दांनी पुरते वर्णन न करता येणाऱ्या शोधाची नळीत जपलेली प्रत, असे या ठेवीचे स्वरूप आहे.

२००५ च्या दुरुस्तीने औषधांवर उत्पादन-पेटंट आले. त्यावेळी संसदेतील चर्चेत अनुत्तरित राहिलेल्या दोन प्रश्नांसाठी केंद्र शासनाने एप्रिल २००५ मध्ये माशेलकरांच्या अध्यक्षतेखाली तांत्रिक तज्ज्ञगट नेमला. औषधांचे पेटंट केवळ नव्या रासायनिक घटकांपुरते मर्यादित ठेवणे आणि सूक्ष्मजीवांना पेटंटमधून वगळणे या गोष्टी ट्रिप्सशी सुसंगत ठरतील काय, हे ते प्रश्न. गोवर्धन मेहता, आशिष दत्ता, एन. आर. माधव मेनन आणि मूलचंद शर्मा हे अन्य सदस्य होते. यावेळेपर्यंत माशेलकरांचा या क्षेत्रातील अधिकार आंतरराष्ट्रीय झाला होता. ब्रिटिश शासनाने नेमलेल्या, २००२ मध्ये अहवाल देणाऱ्या बौद्धिक संपदा आयोगाचे ते सदस्य होते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तत्सम आयोगाचे उपाध्यक्ष. गरीब देशांच्या बाजूने पेटंट-व्यवस्थेकडे पाहणारे हे आयोग होते.

डिसेंबर २००६ मध्ये गटाने दोन्ही प्रश्नांची उत्तरे नकारार्थी दिली. सूक्ष्मजीव सरसकट वगळता येणार नाहीत, मात्र त्यांच्या परीक्षणासाठी मानवी हस्तक्षेप व उपयुक्तता यांच्या दृष्टीने कडक मार्गदर्शक तत्त्वे असावीत, असे गटाचे मत होते. परंतु अहवालाची चर्चा या उत्तरांपेक्षा वेगळ्याच कारणाने झाली. औषधांविषयीच्या निष्कर्षाचा कळीचा मजकूर कायद्याचे अभ्यासक शमनाद बशीर यांच्या एका अभ्यासातून, श्रेयनिर्देश न करता, जवळजवळ जसाच्या तसा आल्याचे उघडकीस आले. तो अभ्यास ब्रिटनमधील एका बौद्धिक-संपदा संस्थेने करवून घेतला होता आणि त्याला औषध-कंपन्यांच्या संघटनेचे अर्थसाहाय्य होते. माशेलकरांनी फेब्रुवारी २००७ मध्ये तांत्रिक त्रुटी मान्य करून अहवाल मागे घेतला. मार्च २००९ मध्ये दुरुस्त अहवाल सादर झाला. निष्कर्ष कायम राहिले आणि शासनाने तो स्वीकारला.

या घटनेकडे दोन टोकांच्या दृष्टींनी पाहिले गेले. एका बाजूने ती मसुदालेखनातील चूक मानली गेली, दुसऱ्या बाजूने साऱ्या निष्कर्षावरच अविश्वास व्यक्त झाला. निष्कर्ष कायद्याच्या दृष्टीने योग्य होता की नाही, हा वेगळा वाद आहे आणि कायद्याचे अभ्यासकही त्यावर एकमत नाहीत. येथे विचारात घ्यावयाची गोष्ट निराळी आहे. अन्यत्र श्रेयनिर्देशाचा अभाव हा लेखकाचा वैयक्तिक दोष मानला जातो. सल्लागाराच्या लेखनात तो पुराव्याचा दोष होतो. वाक्य कोणाचे आहे, हे कळल्याखेरीज ते कोणाच्या हितसंबंधातून आले, हे वाचकाला तपासता येत नाही. हळदीच्या अर्जातील बत्तीस संदर्भांचे सारे सामर्थ्य याच तत्त्वात होते : प्रत्येक विधानामागे त्याचा उगम उभा होता. दहा वर्षांनंतर ज्या अहवालाने ते तत्त्व एका परिच्छेदापुरते सोडले, तो दोन वर्षे शासनदरबारी उभा राहू शकला नाही. दोन्ही प्रसंग एकाच कारकिर्दीतले असल्याने विरोध अधिक ठळक दिसतो. परंतु त्यातून व्यक्तीच्या गुणदोषांपेक्षा या व्यवसायाचे स्वरूप अधिक प्रकट होते. सल्लागाराचा अधिकार पदाने मिळतो आणि पानावर टिकतो.

८. धानाचे मैदान

लेखी पुराव्याभोवती फिरणाऱ्या या इतिहासाची मर्यादा पाहावयाची, तर छत्तीसगढच्या धानप्रदेशाकडे वळले पाहिजे. १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात असलेल्या या प्रदेशाशी मराठीचा संबंध जुना आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यात १९५९ मध्ये उत्पादन सुरू झाल्यावर मराठी भाषक कुटुंबांची नवी पिढी येथे आली. भिलाई-दुर्गच्या नागरी विस्तारात सामावलेले बोरसी ज्या मैदानात वसले आहे, ते मूलतः धानाचे मैदान आहे.

या मैदानातील आणि त्याभोवतीच्या डोंगराळ भागातील धानाच्या जाती गोळा करण्याचे काम डॉ. राधेलाल हरेलाल रिछारिया यांनी केले. कटक येथील केंद्रीय धान संशोधन संस्थेचे संचालकपद त्यांनी भूषवले होते. परकीय वाणांच्या घाईने होणाऱ्या आयातीला विरोध केल्यामुळे त्यांना तेथून जावे लागले आणि १९७० च्या दशकात ते रायपूर येथून काम करू लागले. एकोणीस हजारांहून अधिक नमुने त्यांनी जमवले. प्रत्येक जातीचे स्थानिक नाव आणि तिचे गुणधर्म त्यांनी नोंदवले. गोव्यातील लेखक क्लॉड अल्वारिस यांनी १९८६ मध्ये ‘इलस्ट्रेटेड वीकली’मधून त्यांची व्यथा देशापुढे मांडली. रिछारियांचे निधन १९९६ मध्ये झाले.

२००२ मध्ये रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात असलेल्या या संग्रहाच्या संदर्भात सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीशी सहकार्याची बोलणी चालू असल्याचे समजताच शेतकरी आणि नागरी संघटनांनी मोठा विरोध केला. डिसेंबर २००२ मध्ये कंपनीने माघार घेतली. येथे कोणतेही पेटंट नव्हते, म्हणून पूर्वलेख दाखवून रद्द करण्यासारखेही काही नव्हते. उलट, नोंद झाली होती, हेच चिंतेचे कारण होते. हळदीच्या बाबतीत लिहून ठेवलेले होते म्हणून ज्ञान वाचले. धानाच्या बाबतीत ते गोळा करून लिहून ठेवल्यामुळेच एका कराराने हस्तांतरित होण्याजोगे झाले. लेखनाने ज्ञानाचे संरक्षण होते, या समजुतीला येथे प्रत्यक्ष उदाहरणाने छेद जातो.

त्यानंतरच्या काळात पेटंटहून निराळे मार्ग पुढे आले. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या वाणांना नोंदणीचा हक्क दिला. २००२ च्या जैवविविधता कायद्याने भारतीय जैवसंपत्तीवर आधारित पेटंटसाठी राष्ट्रीय प्राधिकरणाची अनुमती आवश्यक केली. भौगोलिक निर्देशनाच्या मार्गाने वायगाव हळद (२०१६), सांगली हळद (२०१८), सरगुज्याचे जिराफूल (२०१९) आणि नगरीचे दुबराज (२०२३) यांना ओळख मिळाली. यात वस्तूचे गावाशी असलेले नाते आणि लोकांनी दिलेले नाव या दोन्ही गोष्टी कायद्याच्या भाषेत शिरतात. जिऱ्याच्या फुलासारखा दाणा म्हणून जिराफूल, असे नाव ठेवणाऱ्याचे नाव मात्र कोणत्याही नोंदवहीत नाही.

९. समारोप

मे २०२४ मध्ये जिनिव्हा येथे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सदस्य-राष्ट्रांनी जनुकीय संसाधने व संबंधित पारंपरिक ज्ञान यांविषयीचा करार स्वीकारला. ज्या पेटंट-अर्जातील शोध अशा संसाधनावर वा ज्ञानावर आधारित असेल, त्यात उगमदेश किंवा ज्ञान देणारा समाज यांचा उल्लेख असावा, हे त्याचे सार आहे. साध्या शब्दांत सांगावयाचे, तर पेटंट-अर्जालाही आता श्रेयनिर्देशाचा नियम लागू करण्याचा हा प्रयत्न आहे. उल्लेख केल्याने मोबदला आपोआप मिळणार नाही. परंतु उल्लेखाखेरीज मोबदल्याचा प्रश्नच उपस्थित होऊ शकत नाही.

चक्रवर्ती यांच्या खटल्याने मानवी कर्तृत्वाची कसोटी दिली, माशेलकरांच्या हळदप्रकरणाने पूर्वलेखाची, तज्ज्ञगटाच्या अहवालाने श्रेयनिर्देशाची, आणि रिछारियांच्या संग्रहाने लेखनाच्या मर्यादेची. चारही प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने आपल्या क्षेत्रात पूर्वी हाताळलेले आहेत, आणि मौखिक परंपरांच्या नोंदी करताना तो ते आजही हाताळतो. ओवी लिहून घेणाऱ्या संशोधकाने गाणारीचे नाव नोंदवावे की नाही, हा प्रश्न आणि औषधाचा योग लिहून घेणाऱ्याने वैदूचे नाव नोंदवावे की नाही, हा प्रश्न तत्त्वतः एकच आहे. पहिल्याचे उत्तर द्यावयास मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासाला बराच काळ लागला. दुसऱ्याचे उत्तर कायदा आता कोठे शोधू लागला आहे.